गावच्या वाटेवर चार चित्रे

गेल्या नोव्हेंबरात आईच्या पहिल्या पुण्यानुमोदनासाठी आम्ही चेंबूरहून कोल्हापूरला निघालो. माझ्या पिशवीत तीन गोष्टी होत्या. आबांची बीपीची औषधे, धाकट्या भावाच्या गोळ्यांचे पाकीट आणि पावणेदोनशे रुपयांचे रंगसामान. तिसरी गोष्ट मी भावाला न सांगता घेतली होती. सांगितले असते तर त्याने ती घरीच काढून ठेवली असती.

मी तीस वर्षे आरोग्यसेविकेचे काम केले. वस्तीत घरोघरी फिरले, डोस पाजले, टीबीच्या गोळ्या नियमित घ्यायला लावल्या. पण माझ्याच पाठचा भाऊ आतून खचत चालला आहे, हे मला फार उशिरा कळले. म्हणून हा अनुभव आरोग्याच्या पानावर लिहिते आहे. आपल्या कितीतरी घरांत असा एखादा भाऊ, बाप किंवा मुलगा असतो. तो कामावर जातो, जेवतो, बोलावले तर जयंतीलाही येतो. पण तो मनाने तिथे नसतो.

ब्रश कसा सुटला

भाऊ बोर्ड पेंटर. कोल्हापुरात बारा-तेरा वर्षांचा असताना एका पेंटर मास्तरांच्या हाताखाली लागला. आधी डबे धुणे, मग पट्टी मारणे, मग अक्षर. मास्तर दर रविवारी त्याला सायकलवर डबलसीट घेऊन रंकाळ्यावर जायचे आणि समोर दिसते ते काढ म्हणायचे. मुंबईला आल्यावर दुकानांच्या पाट्या, टेम्पोवरची नावे, भिंतीवरच्या जाहिराती, १४ एप्रिलचे कापडी बॅनर ही सगळी कामे त्याने केली. आमच्या वस्तीतल्या विहाराची कमान त्यानेच रंगवली आहे.

मग फ्लेक्स आला. दोन दिवसांचे काम मशीन अर्ध्या तासात करू लागले. पहिल्या वर्षी निम्मी कामे गेली, तीन-चार वर्षांत सगळीच. भाऊ सिक्युरिटीत रात्रपाळीला लागला. काही वर्षे दारूत गेली. ती सुटली, पण झोप परत आली नाही. एका पावसाळ्यात त्याने ब्रश, रंगाचे डबे, अक्षरांच्या पट्ट्या असे सगळे नाल्यात नेऊन टाकले. भावजयीने मला हे सांगितले तेव्हा मी म्हणाले, “जाऊ दे, अडगळ गेली.” आज त्या वाक्याची मला लाज वाटते. माणूस आपले हत्यार फेकून देतो ती धोक्याची खूण असते. आरोग्यसेविका असून मला ती कळली नाही.

आई गेली आणि तो पार मिटला. एक दिवस म्हणाला, “आक्का, रात्री डोळा लागला की परत उघडूच न्हाई असं वाटतंय.” हे ऐकल्यावर मात्र मी थांबले नाही. दुसऱ्याच दिवशी त्याला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेले. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर बाईंनी त्याला विचारले, “पूर्वी काय करायला आवडायचे?” तो गप्प. मी म्हणाले, “चित्र काढायचा.” बाई म्हणाल्या, “गोळ्या बंद करायच्या नाहीत. त्यांच्या जोडीला हे पुन्हा सुरू करता आले तर बघा. घाई नको.”

पहिले चित्र : वेळे

पहाटे चारला निघालो. गाडी माझा मुलगा चालवत होता, जुनी ओम्नी. चेंबूर ते कोल्हापूर अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. एरवी आम्ही हा रस्ता रात्रीच्या गाडीने झोपेत काढतो. डोळे उघडतात ते एकदम कोल्हापुरात. वीस-पंचवीस वर्षे या रस्त्याने येऊन-जाऊनही वाटेतला एक डोंगर मला नीट सांगता आला नसता.

यावेळी ठरवले होते की दर दोन तासांनी थांबायचे. ड्रायव्हरसाठी ते आवश्यकच असते. सलग गाडी चालवली की डोळ्यांवर झापड येते आणि लक्ष कमी होते. दोन तासांनी किमान पंधरा मिनिटांची विश्रांती घ्यावी. मागे बसणाऱ्यांनाही ती हवी. तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसले की पायांतले रक्त साकळते, सूज येते. वयस्कर माणसांनी, गरोदर बायकांनी आणि शुगर-बीपीवाल्यांनी मध्ये उतरून चार पावले चाललेच पाहिजे.

खंबाटकी घाट उतरून वेळे गावाजवळ आलो, तेव्हा साडेआठ झाले होते. एका हॉटेलच्या आवारात गाडी लावली. घाटात किंवा हायवेच्या कडेला कधीही थांबू नये. मागून येणाऱ्या गाडीला तुम्ही चित्र काढताय की पंक्चर काढताय, हे कळत नसते. चहा झाल्यावर मी पॅड आणि रंगाची डबी त्याच्या मांडीवर ठेवली.

“ह्ये काय?”

“डोंगर बघ की समोरचा.”

“आक्का, ह्यात काय ऱ्हायलंय आता? ह्यो हात बघ, कसा थरथरतोय.”

“थरथरू दे. पाटी न्हाई रंगवायची. कुणी पैसं देनार न्हाई आन्‌ कुणी नाव ठिवनार न्हाई.”

पंधरा मिनिटे तो नुसता बसून राहिला. मग पेन्सिलने एक आडवी रेघ मारली. रंग लावला तो चिखलासारखा झाला. त्याने कागद चुरगळून खिशात कोंबला. मुलगा मला म्हणाला, “आई, नको मागं लागूस मामाच्या.” पण मी एक गोष्ट पाहिली होती. भावाने कागद फेकला नव्हता, खिशात ठेवला होता.

दूर बघण्याचे औषध

आपल्या वस्तीतल्या घराचा विचार करा. दहा बाय बाराची खोली, समोर चार फुटांवर दुसऱ्याची भिंत. नजर कुठेही टाका, दहा फुटांच्या पुढे जात नाही. वर हातात मोबाईल. जवळचे बघताना डोळ्याच्या आतले बारीक स्नायू ताणलेले असतात. दूर बघितले की ते सैल पडतात. म्हणून जवळचे काम करणाऱ्यांना दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघायला सांगतात. शिवणकाम, जरीकाम, पॅकिंग करणाऱ्या आपल्या बायकांनी हे घरी करून पाहावे.

मुलांसाठी तर मोकळी जागा फारच महत्त्वाची. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा बाहेर उजेडात ठेवले आणि तीन वर्षे त्यांचे डोळे तपासत राहिले. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. नेहमीप्रमाणे शिकणाऱ्या १०० मुलांपैकी सुमारे ४० जणांना लांबचे कमी दिसू लागले होते, बाहेर राहिलेल्यांत सुमारे ३० जणांना. म्हणजे नुसत्या उजेडाने शंभरात जवळपास दहा मुलांचा चष्मा टळला किंवा लांबला.

मनाचेही तसेच आहे. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच या संशोधकाने तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास १९८४ सालचा. रुग्णांची संख्या लहान होती, तरी रुग्णालये कशी बांधावीत याचा विचार करणारे अजूनही त्याचा दाखला देतात. आपल्या वाट्याला विटांची भिंतच आली आहे. म्हणून गावाला जाताना वाटेत जे मोकळे दिसते, ते झोपेत घालवू नये.

दुसरे चित्र : कऱ्हाडचा संगम

अकराच्या सुमारास कऱ्हाडला प्रीतिसंगमावर पोचलो. कृष्णा आणि कोयना दोन्ही महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, वेगवेगळ्या खोऱ्यांतून वाहत येतात आणि इथे समोरासमोर येऊन भिडतात. मग वळून एकत्र पुढे जातात. झाडाच्या सावलीत सतरंजी टाकली. भाकरी, पिठले, ठेचा काढला.

ऊन चढलेले होते. दुपारी बारा ते तीन उन्हात बसून चित्र काढू नये, हे मास्तरांनी भावाला लहानपणीच शिकवलेले. त्यात दोन फायदे आहेत. एक, अंगाला ऊन लागत नाही. दुसरे, डोक्यावरच्या उन्हात सावल्या आखूड होतात आणि सगळे सपाट दिसते. सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर सावल्या लांब पडतात, झाडाला आणि डोंगराला गोलाई दिसते. चित्राला जी वेळ चांगली, तीच प्रकृतीलाही चांगली.

जेवण झाले आणि मी पडले. डोळे उघडले तेव्हा भाऊ सावलीत बसून पाण्याकडे बघत होता. डोळे किलकिले केलेले. ही जुनी युक्ती आहे. डोळे अर्धे मिटले की बारीकसारीक पानेफांद्या नाहीशा होतात आणि फक्त उजेड आणि अंधाराचे मोठे तुकडे उरतात. आधी ते तुकडे कागदावर मांडायचे. त्याने आभाळ ओले केले, निळा पातळ करून सोडला, तो सुकायच्या आत पलीकडच्या काठाचा हिरवा टेकवला. हात थरथरतच होता, पण ओल्या रंगात ते थरथरणे मिसळून गेले. अर्ध्या तासात त्याने चित्र थांबवले.

“झालं?”

“उजेड बदलला. आता वाढवलं तर खोटं हुईल.”

आठ-नऊ महिन्यांत त्याच्या तोंडून एका दमात ऐकलेले हे सर्वांत लांब बोलणे होते.

मन आणि हात

चित्र काढताना शरीरात काय होते, यावर अभ्यास झाले आहेत. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटे कागद, रंगीत पेन, माती असे काही देऊन मनाला येईल ते करायला सांगितले. आधी आणि नंतर त्यांची लाळ तपासली. ताण आला की शरीरात कॉर्टिसोल नावाचा स्राव वाढतो, तो लाळेत मोजता येतो. चारांतल्या सुमारे तिघांचे कॉर्टिसोल कमी झाले. यापूर्वी चित्रकला केली होती की नव्हती, याने फरक पडला नाही. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तो लहान आहे आणि चारांतल्या एकाला उतार पडला नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला आणि आरोग्य यांवरच्या ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. आजार टाळणे, सांभाळणे आणि उपचार या तिन्ही ठिकाणी कलेचा उपयोग होतो, असे त्यात मांडले आहे.

मला साध्या शब्दांत असे वाटते. काळजी करणारे मन एकतर कालच्यात असते नाहीतर उद्याच्यात. समोरच्या झाडाचा हिरवा पिवळ्याकडे झुकतोय की निळ्याकडे, हे ठरवायचे तर मनाला आत्ताच्या क्षणात यावेच लागते. विहारात आनापान करताना श्वासावर लक्ष ठेवतो, तसे इथे रंगावर ठेवायचे. ज्यांना डोळे मिटून बसले की वाईट विचारच जास्त येतात, त्यांना डोळे उघडे ठेवून करायचे हे काम सोपे जाते.

बाबासाहेबांनीही उतारवयात, अफाट कामाच्या धबडग्यात, चित्रकला आणि व्हायोलिन शिकायला घेतले होते. वेळ नाही हे कारण त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला शोभले नसते. तरी त्यांनी ते सांगितले नाही.

तिसरे चित्र : किणीचा ऊस

साडेतीनला निघालो. वारणेचा पूल ओलांडला आणि कोल्हापूर जिल्हा लागला. किणीच्या पुढे एका ओळखीच्या माणसाच्या गुऱ्हाळाजवळ गाडी आत घेतली. यावेळी थांबायला भावानेच सांगितले. “गाडी घे रं आत. तुरा आलाय उसाला.”

नोव्हेंबर-डिसेंबरात उसाला रुपेरी तुरे येतात. चारनंतरचे ऊन त्यांच्यातून आरपार जाते. पलीकडे जोतिबाचा डोंगर निळसर दिसत होता. भाच्याने विचारले, “मामा, डोंगर तर काळा-हिरवा असतो, निळा का काढतोस?” भावाने सांगितले की, आपल्या आणि डोंगराच्या मध्ये मैलभर हवा असते. हवेतले कण निळा उजेड जास्त पसरवतात, म्हणून जितके लांब तितके निळे आणि फिके.

आमच्या आजोळची माणसे याच पट्ट्यात ऊसतोडीला यायची. आईच्या हातावर उसाच्या पाल्याने कापलेल्या रेघा शेवटपर्यंत होत्या. आम्हाला ऊस म्हणजे मजुरी, अंगाची खाज आणि उचल, एवढेच माहीत. निसर्ग बघायचा तो सहलीवाल्यांनी, असे आपल्या डोक्यात बसले आहे. कष्ट करताना मान वर करायला सवडच नव्हती. त्या शेताच्या बांधावर आपला माणूस कोयता न घेता, ब्रश घेऊन अर्धा तास बसला, हे मला फार मोठे वाटले. विसावा हीही शरीराची गरज आहे, भाकरीसारखी. ती मागायला आपण लाजतो.

चित्र काढताना भाऊ एकदम थांबला आणि रडला. आई गेली त्या दिवशीही तो रडला नव्हता. मुलगा उठायला लागला, मी त्याला हाताने खाली बसवले. अशा वेळी गप्प बस, रडू नको, पुरुषासारखा पुरुष असे काही बोलू नये. शेजारी बसून राहावे, पाणी द्यावे. पाच-सात मिनिटांनी त्याने तोंड धुतले आणि तुऱ्यांवर पांढरा ठेवला.

चौथे चित्र : रंकाळा

संध्याकाळी शिरोलीवरून पंचगंगेचा पूल ओलांडून शहरात आलो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हा सगळा भाग पाण्याखाली होता. आमच्याही घरात पाणी होते, भावाची लहानपणची चित्रे त्यातच गेली. घरी जाण्याआधी बिंदू चौकात थांबलो, महात्मा फुले आणि बाबासाहेबांना वंदन केले. हे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेब हयात असताना बसवले गेले. त्यासाठी पुढाकार घेणारे भाई माधवराव बागल चळवळीतले म्हणून आपल्याला माहीत आहेत. पण ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार होते, निसर्गचित्रेही काढायचे. मास्तरांनी भावाला हे सांगितले होते. भाऊ म्हणाला, “चळवळ करणाऱ्यांना येळ मिळायचा बघायला. मलाच मिळाला न्हाई.”

दुसऱ्या दिवशी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता भाऊ स्वतः उठून रंकाळ्यावर निघाला. मागे वस्तीतली पाच-सहा पोरे लागली. तलावातला संध्यामठ समोर धरून बसला आणि पोरांना आबालाल रहिमानांची गोष्ट सांगू लागला.

आबालाल कोल्हापूरचे. मुंबईला जे. जे. मध्ये शिकले, नाव कमावले आणि गावी परतले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट इथे उघड्यावर बसून त्यांनी असंख्य चित्रे काढली. मोठे चित्रकार दरबारातल्या माणसांची चित्रे काढत होते, त्या काळात हा माणूस पाणी, झाडे, धुके आणि पायवाटा रंगवत होता. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, त्याच्या पायात आबालाल आहेत. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. त्या दुःखात आबालालांनी आपली ढिगाने चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. १९३१ मध्ये ते वारले.

एका पोराने विचारले, “का टाकली वो?”

भाऊ थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “मन मोडलं की मानूस पहिल्यांदा आपल्या हातचंच फेकतोय. तवा कुनीतरी जवळ पायजे, हात धरायला.” मग त्याने माझ्याकडे पाहिले नाही, पाण्याकडे पाहिले आणि ब्रश बुडवला.

आबांना मोतीबिंदूमुळे धूसर दिसते. घरी आल्यावर त्यांनी चित्र डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाले, “संध्यामठ हाय न्हवं?” ते चित्र आता कोल्हापूरच्या घरात आहे. कऱ्हाडचे आणि उसाचे चेंबूरला लावले आहे. वेळ्याचा चुरगळलेला कागद भावजयीला त्याच्या शर्टाच्या खिशात सापडला, तो तिने इस्त्री करून ठेवला आहे.

आता कसे आहे

भाऊ बरा झाला, असे मी लिहिणार नाही. गोळ्या चालू आहेत, दर महिन्याला दाखवायला जातो. काही दिवस वाईट जातात. पण जिथे रात्री दोन तास झोप लागत नव्हती, तिथे आता पाच तास लागते. डॉक्टर बाईंच्या चिठ्ठीवरून त्याला दिवसपाळी मिळाली. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचे झोप-जागेचे घड्याळ ठिकाणावर येते, म्हणून रोज अर्धा तास बाहेर बसतो. रविवारी विहाराच्या ओट्यावर वस्तीतल्या मुलांना चित्र काढायला बसवतो. ऑइल पेंट आणि टर्पेंटाईन मात्र त्याने कायमचे सोडले. पाट्यांच्या जुन्या चमकदार रंगांत शिसे असायचे. शिसे हळूहळू साठून मेंदूला आणि रक्ताला अपाय करते, लहान मुलांना तर फारच. १ नोव्हेंबर २०१७ पासून भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असू नये असा नियम आहे. पण जुने डबे आणि जुन्या भिंतींचे पोपडे अजून आपल्या घरांत आहेत. ते मुलांच्या हाती लागू देऊ नका.

तुम्हीही गावाला निघाल तेव्हा

• सामान थोडेच लागते. पाण्यात कालवायच्या रंगांची डबी, एक जाड आणि एक बारीक ब्रश, जाड कागद, पाठीला पुठ्ठा, जुने फडके. रंग नसतील तर पेन्सिलही पुरते.

• रंगाच्या पाण्याची बाटली वेगळी ठेवा, खूण करा. पिण्याच्या पाण्याशी तिची गल्लत नको. ब्रशला टोक आणायला तो तोंडात घालू नका. जेवणाआधी हात साबणाने धुवा.

• गाडी नेहमी हॉटेल, पेट्रोल पंप किंवा गावातल्या मोकळ्या जागेत लावा. रेल्वे रूळ, पुलाचा कठडा, घाटाचे वळण इथे बसू नका.

• टोपी किंवा डोक्याला पदर, पूर्ण बाह्यांचे कपडे, पिण्याचे पाणी जवळ असावे. चक्कर, डोकेदुखी, मळमळ वाटली तर लगेच सावलीत जा, पाणी किंवा ओआरएस घ्या. शुगर असलेल्यांनी उपाशी बसू नये.

• बसण्याआधी जागा काठीने आपटून बघा. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी साप आढळतात. साप चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते.

• झाडावर किंवा लेण्यांत आग्या मोहोळ दिसले तर दूर राहा, धूर किंवा अत्तर नको. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका.

• चांगले आले का, असे विचारू नका. चित्र विकायचे नाही आणि स्पर्धेलाही द्यायचे नाही. अर्धा तास समोर बघितले, एवढेच काम.

आणि सर्वांत महत्त्वाचे. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातले लक्ष गेले असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणे नको वाटत असेल, तर नुसत्या चित्रावर किंवा गावाच्या हवेवर अवलंबून राहू नका. सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे जा. टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो फोन मोफत आहे, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा. आमच्या वस्तीत तो भावाने लिहिला आहे, स्वतःच्या हाताने, जुन्या वळणदार अक्षरात. फ्लेक्सवर नाही.